आसरखेडच्या विहिरीचे तीन नमुने

अकोला, ४ मार्च १९६३

यंत्र आलं. नागपूरहून, लाकडी पेटीत, गवतात बांधून. भगवंतराव साहेब त्यासाठी मुद्दाम अमरावतीहून आले होते. आमच्या खात्याचे या भागातले मुख्य तेच. पेटी उघडताना त्यांनी सगळ्यांना हात मागे घ्यायला सांगितलं आणि झाकण स्वतःच पायावर पाडून घेतलं.

काम तेच आहे, जे मी नोकरीला लागल्यापासून हाताने करतो. विहिरीच्या पाण्यात मीठ किती ते काढायचं. पाण्यात पिवळं क्रोमेट टाकायचं, वरून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडायचं, पिवळ्यावर विटकरी छटा आली की थांबायचं. जितकं नायट्रेट लागलं तितकं मीठ. आमच्या खारपाणपट्ट्यात एका आळीची विहीर गोड तर दुसऱ्या आळीची खारट, त्यामुळे हे काम संपत नाही. यंत्र रंग पाहत नाही. चांदीची तार पाण्यात बुडवायची. मोटार नायट्रेटची पिचकारी दाबत जाते आणि लेखणी कागदावर रेघ ओढते. मीठ संपतं तिथे रेघ एकदम उडी मारते. हाताने जे दिवसभर चालतं ते यंत्र जेवणाच्या सुट्टीच्या आत करेल असं साहेब म्हणतात.

"उद्धवराव, एप्रिलअखेर मला दाखवा की हे विश्वासाचं आहे. नाहीतर पेटी परत. नागपूरवाले टपून बसलेत."

संध्याकाळी घरी आलो. पेटीतलं गवत फेकून दिलं हे रमा असती तर तिला आवडलं नसतं. तिने ते आंब्यांच्या अढीसाठी ठेवलं असतं.

९ मार्च

यंत्र चुकतं. पिचकारी जोरात चालवली की चांदीची तार मागे पडते. मीठ संपलेलं असतं आणि तिला ते उशिरा कळतं, तोवर नायट्रेट पुढे गेलेलं असतं. आकडा जास्त येतो. सावकाश चालवली तर आकडा बरोबर येतो, पण मग माझा हात काय वाईट होता?

दुपारी विजेचा दाब उतरतो तेव्हा मोटारही मंदावते. तो वेगळाच घोळ.

१४ मार्च

जमलं. सुरुवातीला पिचकारी वेगाने, रेघ वर वळायला लागली की सावकाश. दोन वेग. मोटारीला एक जादा बटण बसवून घेतलं. तोलून मीठ घातलेलं पाणी तपासलं, आकडा बरोबर. पुन्हा तपासलं, बरोबर. विजेसाठी उपाय हाच की महत्त्वाचं काम सकाळी करायचं.

१७ मार्च, रविवार

मोतीराम घरी आला होता. तो आमचा नमुने आणणारा माणूस. बाटल्यांची पेटी सायकलला बांधून गावोगाव जातो, लांबचं असेल तर मोटारीने. हंगामी नोकर आहे, दर जूनमध्ये त्याचा हुकूम नव्याने निघतो. कपाटाची किल्ली द्यायला आला होता. त्याला चहा दिला. त्याचा कप बाहेरच्या खिडकीत असतो, मोठा, कान तुटलेला. रमाने तिथे ठेवलेला. तिने लावलेलं घरातलं काही मी हलवलेलं नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा तशाच आहेत. मिठाच्या डब्यावर साखर लिहिलं आहे, पण मला सवय आहे.

२३ मार्च

पूर्वी एका विहिरीला एक बाटली तपासायचो. तेवढाच वेळ असायचा. आता यंत्रामुळे एका विहिरीच्या तीन बाटल्या तपासता येतात, वेगवेगळ्या दिवशी आणलेल्या. तिन्ही आकडे जवळजवळ आले तर यंत्र विश्वासाचं. साहेबांना दाखवायला याहून सोपा मार्ग नाही. मोतीरामला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे एका गावाले तीनदा जा लागते? सायकलीले इचारून घ्या आधी."

३१ मार्च

बहुतेक विहिरींचे तीन आकडे जवळजवळ आहेत. काहींचे थोडे दूर. आसरखेडचे मात्र असे आले: ६४०, ११२०, ३९०.

अडीचशेपर्यंत पाणी गोड धरतात. हजाराच्या वर पिण्याच्या कामाचं नाही. एकाच विहिरीचं पाणी तीन दिवसांत असं बदलत नाही. आणि ही विहीर मला माहीत आहे. बाळापूरच्या पुढे आसरखेड, ते रमाचं माहेर. विहीर राममंदिराच्या आवारात आहे आणि मंदिराची पूजा माझ्या सासऱ्यांकडे, घरही आवारातच. लग्नापासून मी ते पाणी पितो. रमा माहेरून येताना त्या पाण्याची कळशी मांडीवर घेऊन मोटारीत बसायची.

साहेब हे तीन आकडे पाहतील आणि बाकीचं काही पाहणार नाहीत.

३ एप्रिल

रामनवमीला आसरखेडला जाऊन आलो. दर वर्षी आम्ही दोघं जायचो. गोपाळकृष्णपंतांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जन्मकाळाच्या वेळी मला पाळण्याची दोरी धरायला दिली. जेवताना सासूबाई रमाचं लहानपणचं सांगत होत्या. सुंठवड्यासाठी ती पुजाऱ्याची मुलगी असून रांगेत दोनदा उभी राहायची, तेही परकर बदलून. मला हे माहीत नव्हतं. अकोल्यात तिचं नाव कुणी काढत नाही. लोकांना वाटतं मला वाईट वाटेल. आसरखेडला सगळे काढतात. ओसरीवर बसलं की ती आत स्वयंपाकात आहे असंच वाटतं.

"ज्येष्ठात वर्षश्राद्ध इथेच करू," सासरे म्हणाले. "तिकडे तुम्ही एकटे काय करणार?" मी हो म्हटलं. बरं वाटलं.

निघताना विहिरीवरून एक बाटली मी स्वतः भरून घेतली.

४ एप्रिल

माझ्या बाटलीचा आकडा १४१. हाताने केलं, १४०.

म्हणजे यंत्र बरोबर आहे. मोतीराम बाटल्या कुठे भरतो ते पाहावं लागेल. वाटेतल्या नाल्यावर भरत असेल तर कठीण आहे. तसा माणूस वाटत नाही.

५ एप्रिल

मोतीरामला विचारलं. जसं झालं तसं लिहितो.

"आसरखेडचं पाणी कुठून भरलंस?"

"इहिरीतून."

"कोणत्या? तिथे दोन आहेत."

"गोड्या. राममंदिराच्या."

"माझ्या बाटलीत एकशे एकेचाळीस येतं, तुझ्या बाटलीत अकराशे."

"मंग तुमच्या बाटलीत देव बसला असन."

मी म्हटलं, थट्टा नको, बाटली तू स्वतः विहिरीत सोडलीस का.

"साहेब, तुमी त्या घरचे जावई. अन मले इचारता?"

मग सांगितलं. विहिरीच्या ओट्यावर त्याला कुणी चढू देत नाही. बाई वरून बादलीत पाणी ओततात आणि तो बादलीतून बाटली भरतो. कोण बाई, विचारलं. "तुमच्या सासूबाई." बादली कोणती? पाय धुवायची, आवाराबाहेर दगडापाशी ठेवलेली. ती बादली मला माहीत आहे. तिच्यात दुसऱ्या विहिरीचं खारं पाणी असतं, कारण गोडं पाणी पायावर कुणी घालत नाही.

"बादली आधी रिकामी करत होतास ना?"

"कधी रिकामी असे, कधी अर्धी. फेका म्हनलं तं बाई म्हनते, पानी काय फुकट येते?"

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"नमुना आन म्हनलं, आनला. कसा आनला हे आज इचारून राहिले तुमी."

"आता तुम्ही लोक बौद्ध झालात, तरी?"

"आमी झालो ना. बादली कुठी झाली?"

संध्याकाळपर्यंत त्याने बाटल्या धुतल्या, नेहमीपेक्षा जास्त आवाज करून. त्याला कशाचा राग आला ते कळलं नाही. मी नीटच विचारलं होतं.

८ एप्रिल

अमरावतीला साहेबांकडे गेलो होतो. सगळं सांगितलं. ते पंख्याखाली खुर्ची सरकवत म्हणाले, "यंत्राचा दोष नाही ना? झालं तर मग. बाटली अस्वच्छ होती असं लिहा. त्या मोतीरामला समज द्या. जूनमध्ये दुसरा माणूस पाहू."

मी म्हटलं, बाटली स्वच्छ होती.

"उद्धवराव, तुमची सासुरवाडी आहे. कारण लिहायला बसलात तर ते कागद जिल्ह्यापर्यंत जातील. अस्पृश्यतेचा कायदा आहे, ठाऊक आहे ना? पुजाऱ्याला पोलीस पाटील बोलावेल. तुम्हालाच घर परकं होईल. एक ओळ लिहायची, बाटली अस्वच्छ. यंत्र तुमचं, सासरा तुमचा."

ते माझं वाईट चिंतत नव्हते. येताना मूर्तिजापूरपर्यंत हाच विचार केला. एका ओळीत खरंच सगळं मिटतं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्या ज्या विहिरींचे आकडे थोडे दूर होते तिथेही हेच असणार. कुठे बादली, कुठे पखाल, कुठे वरून धरलेला तांब्या. म्हणजे आजवर मी हाताने जे आकडे काढले, पाव थेंबासाठी डोळे फोडून, ते कशाचे होते?

१० एप्रिल

मोतीरामला साहेबांचं म्हणणं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"बाटली मी चोख धुतो," तो म्हणाला. "थे लिहू नका. बाकी काय लिहाचं थे लिहा."

"खरं कारण लिहिलं तर चालेल?"

"मले इचारू नका. तुमी लिहून निंगून जासान. मले त्या गावात पुन्हा जा लागते, बाटली घेऊन, एकट्याले." थोड्या वेळाने परत आला. "अन तुमी सोता जाऊन बाटल्या भरतो म्हनू नका. मंग भत्ताबी तुमाले अन इहीरबी तुमाले."

मी तेच ठरवत होतो. ते राहिलं.

१५ एप्रिल

काल भीमजयंती होती. मोतीरामच्या सदऱ्यावर अजून निळा गुलाल आहे. मी म्हटलं, उद्या आसरखेडला आपण दोघं जाऊ, बाटली तू सोड, मी बाजूला उभा राहतो. तो म्हणाला, "उभे रायसान ना? का मधातच उतरसान?"

१६ एप्रिल

जाऊन आलो.

सासरे मंदिराच्या पायरीवर होते. "या जावईबापू. असे मधेच?" मी म्हटलं नमुना घ्यायचा आहे. "घ्या की. अहो, दोर द्या त्यांना," त्यांनी सासूबाईंना हाक मारली. मी म्हटलं, मी नाही, मोतीराम घेईल.

"त्याच्यासाठी बादली आहे."

"बादलीतलं नको. विहिरीतलं हवं."

ते पायरीवरून उठले. मग म्हणाले, "जावई म्हणून आलात की सरकार म्हणून?"

मी म्हटलं, "बादलीतलं पाणी खारं येतं. तुमच्या विहिरीला खारट म्हणायची पाळी आली आहे."

"म्हणा. आम्हाला पाणी गोड लागतं तेवढं पुरे."

"मोतीराम बाटली सोडेल," मी पुन्हा म्हटलं.

"रमा असती तर तुम्हाला हे सुचलं नसतं."

ते खरं असावं.

मोतीराम दगडापाशी उभा होता. मी मान हलवली तेव्हा त्याने वहाणा काढल्या, ओट्यावर आला, शिशाचं वजन बांधलेली बाटली सोडली, खाली गेल्यावर बुचाची दोरी ओढली. तीनदा. सासूबाई दारात होत्या. त्यांच्या कडेवर नुकतीच भरलेली घागर होती. त्यांनी ती आमच्यासमोर अंगणात उपडी केली, सगळी, आणि आत गेल्या. गोडं पाणी त्यांनी असं ओतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उन्हाने चक्कर आली असेल.

परतताना आम्हाला कुणी पाण्याचं विचारलं नाही. ऊन फार होतं. फाट्यावर मोटारीची वाट पाहताना मोतीराम बाटल्यांच्या पेटीवर बसून म्हणाला, "तीनच्या ऐवजी दोन नमुने चालत नाई का हो साहेब?" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

घरी त्याला चहा दिला, आमच्या कपांपैकी एकात. तो कप फिरवून पाहू लागला.

"माहा कप कुठी हाय?"

"राहू दे तो. यातच घे."

"कावून? थो मोठा हाय. याच्यात दोन घोट बी नाई मावत." प्यायला मात्र त्यातच, आणि दुसऱ्यांदा मागून घेतला. दुसऱ्या कपाला तोंड वाकडं केलं. "तुमच्या बाई साखर घालत. तुमी मीठ घातलं."

मग म्हणाला, "बाई वाईट नोत्या. कप येगळा, पन चहा ऊन देत."

मी रात्री तो खिडकीतला कप आत आणला. धुऊन इतरांबरोबर ठेवला. कान तुटलेला असल्यामुळे वेगळा दिसतोच.

१७ एप्रिल

१४२, १४०, १४३.

२० एप्रिल

अहवाल लिहिला. "आसरखेड येथील आधीचे तीन नमुने विहिरीतून थेट घेतलेले नव्हते. नमुना घेणाऱ्या कर्मचाऱ्यास ओट्यावर जाऊ दिले जात नसल्याने ते बादलीतून घेतले. बाटल्या स्वच्छ होत्या." एवढंच. कुणाचं नाव नाही. यापुढे बाटली कर्मचाऱ्यानेच सोडावी, सोडू दिली नाही तर "नमुना मिळाला नाही" असं लिहावं, आणि या हंगामातल्या सगळ्या विहिरी पुन्हा तपासाव्यात, हेही लिहिलं. लिफाफा बंद करताना श्राद्धाचा विचार आला. तरी बंद केला.

२९ एप्रिल

साहेब येऊन गेले. रेघा पाहिल्या, दोन वेगांचं बटण स्वतः दाबून पाहिलं. यंत्र अकोल्यालाच राहणार. अहवालाबद्दल म्हणाले, "तुम्ही ऐकणारे नाही." मोतीरामचा हुकूम निघेल. "पण सगळ्या विहिरी पुन्हा? वेड लागलंय तुम्हाला." मी म्हटलं, यंत्र आहे, होईल.

१२ मे

होत आहे. काही गावांत मोतीरामला सोडू देतात, काही नाही. एका गावात पोरांनी त्याच्या सायकलची हवा सोडली. एका गावच्या सरपंचाने स्वतः दोर धरला. "नमुना मिळाला नाही" अशा गावांची संख्या मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जास्त आहे. साहेबांना ती आवडणार नाही.

आसरखेडला पोलीस पाटलाने सासऱ्यांना बोलावून विचारलं असं ऐकलं. पुढे काही झालं नाही.

१९ मे

बाळापूरच्या मोटारीच्या कंडक्टरने एक गाठोडं आणून दिलं. आसरखेडहून. रमाच्या तिथे असलेल्या दोन साड्या, तिची शाळेतली पाटी, हळदीकुंकवाची कोयरी. बरोबर निरोप नव्हता. उन्हाळ्यात ते घर शाकारतात, तेव्हा सामान हलवावं लागतं. त्यासाठी पाठवलं असेल.

२६ मे

श्राद्धाचं ठरवायला आसरखेडला गेलो. सासरे मंदिरात होते, बाहेर आले नाहीत. सासूबाईंनी दार उघडलं, पण उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. मी विचारलं, तिथीला किती वाजता येऊ. त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही तिकडे करा." मग अगदी हळू म्हणाल्या, "तिला पुरणात जायफळ लागायचं. वेलदोडा नाही." आणि दार लावलं.

विहिरीवर गर्दी होती, म्हणून मी पाणी न पिताच आलो.

११ जून

आज तिथी होती. घरीच केलं. पुरण शेजारच्या आशाबाईंनी केलं, त्यांना जायफळाचं सांगितलं. गुरुजींना पुढे आणखी एक घर होतं. नाव, गोत्र, तर्पण, सगळं लवकर आटोपलं. आसरखेडहून कुणी आलं नाही.

दुपारी कचेरीत गेलो. सुट्टी होती माझी, पण बाटल्या आलेल्या होत्या. यंत्र लावलं. पूर्वी एवढ्या बाटल्यांना दिवे लागेपर्यंत बसावं लागायचं. गेल्या वर्षी ती गेल्यावर मी असाच बसायचो, एकेक थेंब सोडत, आणि बरं असायचं. आज तीनच्या ठोक्याला शेवटची रेघ निघाली. पिचकारी धुतली, तार पुसली. करायला काही उरलं नाही. घरी जाववेना.

मोतीराम कोपऱ्यात बुचं उकळत होता. मी त्याला म्हटलं, बस जरा. तो स्टुलावर बसला. मी म्हटलं, "रमा लग्न होऊन अकोल्याला आली ना, तेव्हा पहिल्या दिवशी इथल्या नळाचं पाणी तिने चूळ भरून टाकलं. माझ्या आईसमोर."

"मंग?"

"आई म्हणाली, एवढं गोड लागतं तर विहीर आंदण आणायची होती."

"मंग बाई काय म्हनल्या?"

"सांगतो."

"सांगा," मोतीराम म्हणाला, "पन साडेपाचले माह्या गावची मोटार हाय."

साडेपाचची मोटार गेली. तो सातच्या मोटारीने गेला.